सहा तारा, सहा मात्रा : प्रकल्प नोंदी

16 जून 2024, रविवार, नौपाडा

ऑफिसात प्रत्येक ड्रॉइंगमागे एक नोंद असते. काय बदललं, कधी बदललं, कोणी सांगितलं म्हणून बदललं. रबाळ्याला पंधरा वर्षं स्ट्रक्चरल ड्रॉइंग काढून ही खोड अंगात मुरली आहे, म्हणून घरच्या कामालाही वही घातली.

काम: एक गाणं गिटारवर बोटांनी वाजवायचं. पिक नाही, खराखरा स्ट्रमिंग नाही. अंगठ्याने खर्जाच्या तारा, बाकी तीन बोटांनी वरच्या, आणि चाल त्यातूनच ऐकू यायला हवी. गायला कोणी नाही असं धरून चालायचं.

मुदत: दिवाळी पाडवा, 2 नोव्हेंबर. आजपासून 139 दिवस.

कारण: नवरा मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर. मे महिन्यात गेला, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे दिवाळीला घरी. घरी असला की दाढी करताना शिळेवर एकच चाल, गेली सोळा वर्षं तीच. जहाजावर मात्र शीळ घालत नाही. तिथे शीळ घातली की वारा ओढवतो, असं खलाशी पूर्वापार मानतात आणि हा इंजिनिअर असूनही मानतो. कुठलं गाणं विचारलं की म्हणतो, "ते आमचं जहाजावरचं." कुठल्याशा जहाजावर एक फिलिपिनो फिटर कॅराओकेवर रोज म्हणायचा, तिथून उचललंय. गेल्या वर्षी लेकीने ती शीळ गुपचूप फोनला ऐकवली आणि फोनने नाव सांगितलं. 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह', एल्व्हिस प्रेस्ली, 1961.

गिटार आहे. लॉकडाऊनमध्ये लेकीसाठी घेतली होती. तीन महिने वाजली आणि चार वर्षं कपाटावर झोपली. लेकीने अट घातली आहे: ती शाळेचा अभ्यास करत असताना वाजवायची नाही. ती कधीच अभ्यास करत नाही, त्यामुळे अडचण नाही.

18 जून

गिटार खाली काढली. पिशवीला बुरशी, तारा तपकिरी. बोट फिरवलं तर गंज हाताला आला. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत उघडं लोखंड टिकत नाही, हे मला तरी कळायला हवं होतं.

नव्या तारा आणल्या, अकरा नंबरचा सेट. म्हणजे सगळ्यात पातळ तार इंचाच्या हजार भागांतले अकरा भाग जाड. दुकानदार म्हणाला, बारा नको, बोटं सोलतील. वरून खाली ई, ए, डी, जी, बी, ई. खर्जाची ई 82 हर्ट्झच्या आसपास, पातळ ई तिच्याहून बरोबर दोन सप्तकं वर. रात्री तारा लावून सूर जुळवला. सकाळी सगळ्या उतरलेल्या. नवी तार दोन-तीन दिवस ताणत राहते, असं नंतर वाचलं.

23 जून

उजवा हात. गिटारवाल्यांनी बोटांना स्पॅनिश नावांवरून अक्षरं दिली आहेत: अंगठा पी, तर्जनी आय, मधलं बोट एम, अनामिका ए. करंगळीला काम नाही. त्यांच्याकडे 'ए' म्हणजे अनुलार, अंगठीचं बोट. आपल्याकडे अंगठी त्याच बोटात घालतात आणि नाव मात्र अनामिका. हे उगाच लिहिलं.

वाटणी अशी: अंगठ्याकडे खालच्या सुरांच्या तीन तारा. तारा मोजायच्या पातळ ईपासून: तर्जनी तिसऱ्या तारेवर, मधलं बोट दुसऱ्या, अनामिका पहिल्या. पहिला धडा: पी-आय-एम-ए-एम-आय. सहा ठोके, मग पुन्हा पहिल्यापासून. गाणं सहा-आठच्या चालीत आहे, म्हणून सहा.

कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात अंगठा खाली गेला की बाकी तिघं त्याच्यामागे जातात, जशी आमच्या इमारतीतली मुलं लिफ्टमध्ये शिरतात. रेव्हिजन ए.

30 जून

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, चार झाल्या: सी, ई मायनर, ए मायनर, जी. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना खळ्या पडल्यात, फोनला अंगठ्याशिवाय एकही बोट ओळखू येत नाही. ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरवरून वाशी गाडी पकडते, रबाळ्यापर्यंत डब्याच्या झाकणावर पी-आय-एम-ए-एम-आय. समोरच्या बाईंनी विचारलं, "टायपिंगची परीक्षा का?"

8 जुलै, सोमवार

रात्रभर पाऊस. सकाळी रुळांवर पाणी, मध्य रेल्वे कोलमडलेली. ऑफिसचा निरोप आला, घरूनच करा. अकरा वाजता दोन ड्रॉइंग पाठवली आणि गिटार घेतली.

आजची नोंद लांबणार.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, हॉलमध्ये पेपर वाचत होते. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवलाय. आता गुडघ्यामुळे मांडी घालता येत नाही म्हणून जोडी कपाटात. मी तीन आठवडे जो धडा खडखडत होते त्यावर ते एक शब्द बोलले नव्हते. आज मेट्रोनोम लावला, तो टिकटिक करतोय, मी सहा ठोके मोजतेय, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडखळतेय. पेपराआडून आवाज आला.

"अगं, ते यंत्र बंद कर. डोकं उठलं."

बंद केलं.

"काय मोजतेस?"

"वन टू थ्री फोर फाइव्ह सिक्स."

"इंग्रजी आकडे एका लांबीचे नसतात. सिक्स म्हणायला वनपेक्षा जास्त वेळ लागतो. हा दादरा आहे, दादरा म्हण. धा धी ना, धा ती ना."

मी म्हटलं. म्हणता म्हणता वाजवलं. पहिल्यांदा आठ आवर्तनं न अडखळता.

यात काय घडलं ते नीट लिहून ठेवते, कारण पुढे कोणाला उपयोगी पडेल. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग. पहिल्या मात्रेवर सम, चौथीवर काल, म्हणजे ठेक्याची हलकी मात्रा. माझ्या सहा ठोक्यांत पहिला ठोका अंगठ्याचा, म्हणजे सम खर्जावर येते. चौथा ठोका अनामिकेचा, सगळ्यात उंच तारेवर, म्हणजे काल वर येतो. खाली सम, वर काल, आणि मधल्या चार मात्रा म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. हे एकदा कानात बसलं की बोटांना आकड्यांची गरजच उरत नाही. मेट्रोनोमची टिकटिक प्रत्येक ठोक्याला सारखीच, त्यामुळे कुठला सुरुवातीचा आणि कुठला मधला हे तो सांगत नाही. ठेका सांगतो.

आप्पांनी खुर्चीच्या हातावर दादरा धरला आणि अर्धा तास सोडला नाही. जेवायला उठताना म्हणाले, "उजवा अंगठा म्हणजे तुझा डग्गा. डग्गा डोलला तर भजन बुडतं." रेव्हिजन बी.

17 जुलै, आषाढी

आप्पा विठ्ठल मंदिरात, मी ऑफिसात. संध्याकाळी साबुदाण्याचे वडे. गिटार नाही.

27 जुलै

गिटार अचानक कठीण झाली. तीच कॉर्ड, पण तार दाबायला दुप्पट जोर. आधी वाटलं मी दमलेय. मग ऑफिसची स्टीलपट्टी आणली आणि बाराव्या पडद्याशी (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे) खर्जाच्या तारेची उंची मोजली. 3.2 मिलिमीटर. अशा गिटारला तिथे अडीचच्या आसपास चालतं.

कारण ओल. लाकूड पाणी पितं, फुगतं, वरचा पत्रा, म्हणजे गिटारची वरची फळी, पुलापाशी (ज्याला ब्रिज म्हणतात तिथे) पोट काढतो, तारा वर उचलल्या जातात. गिटारच्या लाकडाला पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. आमच्या हॉलमध्ये जुलैत भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा गुंडाळी होतं.

स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, ती सॅडल, खालून घासली की उंची उतरते. मी हिशेब करून गेले होते: बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर, त्यामुळे तिथे 0.6 कमी हवे असतील तर सॅडलवर 1.2 घासायला हवं. समरूप त्रिकोण, दहावीचं गणित. त्याने माझा कागद बघितला, माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, हिशेब बरोबर आहे. पण आत्ता एवढं घासलं तर फेब्रुवारीत पत्रा खाली बसेल आणि सगळ्या तारा झणझणतील. मग नवी सॅडल."

त्याने 0.6 घासलं, म्हणजे बाराव्या पडद्याशी 0.3. मानेतल्या लोखंडी सळईला जरासा पीळ दिला आणि सांगितलं की बाकीचं दसऱ्यानंतर आपोआप उतरेल. कागदावर बरोबर असून साइटवर चूक, हे मला दर आठवड्याला कोणीतरी ऐकवतं. गिटारवाल्याकडूनही ऐकायचं राहिलं होतं.

11 ऑगस्ट

एफ. यावर जितकं कमी लिहीन तितकं बरं. तर्जनी आडवी करून सहाही तारा पहिल्या पडद्यावर दाबायच्या आणि उरलेल्या तिघांनी पुढची कामं करायची. तीन आठवडे झाले, पहिली तार अजून ठक्क करते, वाजत नाही.

खालच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा आला, बघितलं आणि म्हणाला, "काकू, सहा कशाला दाबताय? अंगठा चौथ्या तारेवर वाजवा. चौथी, तिसरा पडदा, तोही एफच आहे." म्हणजे वरच्या चारच तारा, छोटी एफ. अर्ध्या तासात जमली.

तीन आठवडे मी जी गोष्ट करत होते ती गाण्याला लागतच नव्हती.

15 ऑगस्ट

सुट्टी. सकाळी झेंडावंदन, दुपारी गाण्याची माहिती काढत बसले.

हे गाणं 'ब्लू हवाई' या चित्रपटातलं. मला वाटलं होतं, समुद्रकिनारा, चांदणं, नायिका. तसं नाही. एल्व्हिस ते नायिकेच्या आजीला म्हणतो. आजीचा वाढदिवस असतो, तो तिला एक चावीची संगीतपेटी भेट देतो, पेटीतून चाल वाजते आणि तो त्या चालीवर गातो. जगभर लग्नात वाजणारं गाणं, मूळ प्रसंगात आजीसाठी. आप्पांना सांगितलं तर खूश झाले.

चाल मात्र एल्व्हिसच्या कितीतरी आधीची. 1784 मधलं एक फ्रेंच गाणं, 'प्लेझीर दामूर', त्यावर बेतलेली. संगीतकार मार्टिनी. नाव इटालियन, माणूस जन्माने जर्मन, कारकीर्द फ्रान्समध्ये. त्या गाण्याचा अर्थ साधारण असा की प्रेमाचं सुख क्षणाचं आणि दुःख जन्माचं. पेरेट्टी, क्रिएटोर आणि वाइस या तिघांनी तीच चाल घेऊन शब्द उलट्या दिशेने नेले. रडक्या गाण्याच्या चालीवर लग्नाचं गाणं. आपल्याकडे नाट्यपदांच्या चालींचं काय काय झालंय ते आठवलं आणि यात नवल वाटेनासं झालं.

आप्पांना पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, ओळ काढून दाखवली, सी ला सा धरून. गाणं सुरू होतं ते सा वरून थेट पंचमावर उडी मारून.

"हे काय, तंबोरा जुळवतोय का हा?"

पुढे शेवटची ओळ. खालच्या पंचमावरून एकेक पायरी चढत मध्यमापर्यंत आणि परत सा वर. सगळे स्वर शुद्ध. "बिलावल," आप्पा म्हणाले. "पहिल्या वर्षाच्या मुलाला देतात तसा पलटा. आणि एवढ्यावर माणूस प्रसिद्ध झाला?"

25 ऑगस्ट

उजव्या हाताची नखं वाढवली होती. नखाने वाजवलं की तार चमकते, नुसत्या बोटाने वाजवलं की आवाज गोल पण दबका. मधल्या बोटाचं नख काल कढई घासताना तारेच्या घासणीने गेलं, आज अनामिकेचं कपाटाच्या कडीने. गिटार वाजवणाऱ्या मोठमोठ्या लोकांच्या नखांबद्दल बरंच वाचलं. त्यांच्याकडे भांडी कोण घासतं याबद्दल कुठेच काही नव्हतं.

निर्णय: नखं नाहीत. बोटांनीच.

मंगळवारी हंडी आहे. कोपऱ्यावर स्पीकरची भिंत उभी राहतेय, तीन दिवस सरावाचं नाव नको.

8 सप्टेंबर

गणपती. दीड दिवसाचा आमचा. मोदक एकशे एक, गिटार शून्य.

22 सप्टेंबर

मधला भाग. इथे गाणं नदीसारखं वाहायला लागतं आणि मी बुडायला लागते. ई मायनर, बी सेव्हन, परत ई मायनर, परत बी सेव्हन, मग ए सेव्हन, डी मायनर, जी, आणि घर, म्हणजे सी.

बी सेव्हन वाजवली तशी आप्पांनी खुर्चीच्या हातावरचा ठेका थांबवला.

"ही कोमल गंधार कुठून आली?"

खरंच होतं. सी ला सा धरलं तर बी सेव्हनमध्ये कोमल ग आहे आणि तीव्र मध्यमही. पुढच्या ए सेव्हनमध्ये कोमल रे. आत्तापर्यंत शुद्ध स्वरांत चाललेलं गाणं इथे एकदम घराबाहेर पडतं. पाश्चात्त्य संगीतवाले म्हणतात की कॉर्ड पुढच्या कॉर्डला ओढून आणते: बी सेव्हन ई मायनरला ओढते, ए सेव्हन डी मायनरला, जी परत सी ला. आप्पा तंबोऱ्याच्या जगातले. तिथे सा जागचा हलत नाही, सगळं त्याच्याभोवती फिरतं. त्यांना हे ओढून आणणं पटलं नाही, पण तीनदा वाजवायला लावलं.

"ऐकायला बरं आहे," शेवटी म्हणाले. "पण हा राग नव्हे."

"नाहीच आहे आप्पा."

"मग ठीक."

6 ऑक्टोबर

फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. हे फार आधी करायला हवं होतं.

अख्खं गाणं न अडखळता वाजलंय. ठेका चोख. आणि गाणं कुठेच नाही. सहाच्या सहा ठोके एकाच जोराचे, त्यात चाल हरवली. लेक शेजारी बसली होती. "आई, वॉशिंग मशीन छान लागलंय."

चार महिने ज्याच्यासाठी घाम गाळला तो नियम आता मोडायचा होता. सगळी बोटं सारखी चालली पाहिजेत, हा पहिला धडा. आणि सगळी सारखी चालता कामा नयेत, हा शेवटचा. चालीचा स्वर ज्या बोटावर येईल त्याने भरपूर वाजवायचं, बाकीच्यांनी पुटपुटायचं. सांगणं सोपं. एकाच हाताची चार बोटं, त्यातल्या एकाने ओरडायचं आणि शेजाऱ्याने कुजबुजायचं, आणि ओरडणारं बोट दर ओळीत बदलतं.

उपाय सापडला तो असा. आधी फक्त चाल वाजवायची, ठेका तोंडाने म्हणायचा. मग फक्त ठेका वाजवायचा आणि चाल गुणगुणायची. तिसऱ्या फेरीला दोन्ही हातात घ्यायचे. गुणगुणणं थांबवलं तरी कान चालीमागे जात राहतो आणि बोट कानामागे. टॅबचा कागद (कुठली तार कुठल्या पडद्यावर दाबायची ते आकड्यांत लिहिलेला) समोर असला की हे होत नाही, कारण त्यावर सगळे आकडे एकाच आकाराचे छापलेले असतात. कागद फाडला नाही, मी ड्राफ्ट्समन आहे, कागद फाडत नाही. उलटा करून ठेवला.

कॅपोही लावला, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, दुसऱ्या पडद्यावर. मूळ रेकॉर्डिंग डी मध्ये आहे, सी च्या कॉर्ड तशाच ठेवून दोन पडदे वर गेलं की डी मिळतो. शिवाय आवाज थोडा पेटीसारखा, संगीतपेटीसारखा होतो. रेव्हिजन सी.

16 ऑक्टोबर, कोजागिरी

गच्चीवर मसाला दूध. खालच्या मुलाने आग्रह केला म्हणून वाजवलं. सतरा माणसं, एक कुत्रा. दुसऱ्या ओळीला हात थंड पडले, अंगठा पाचवीऐवजी सहावी तार धरून बसला. पूर्ण केलं. टाळ्या पडल्या, दूध आटलेलं होतं म्हणून सगळे खुशीत होते.

एकच काकू नीट बोलल्या: "चाल ओळखीची वाटली हो, तुमच्याकडच्या बाथरूमच्या खिडकीतून येते ना अधूनमधून?"

24 ऑक्टोबर

त्याचा फोन. जहाज उशिरा. तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालतात, केप ऑफ गुड होपवरून. दहा-बारा दिवस जास्त धरायचे. तेही धरले होते, पण पुढच्या बंदरात धक्का मोकळा नाही आणि त्याच्या जागी येणारा माणूस तिथेच चढणार. म्हणजे पाडव्याला नाही.

"किती दिवस?"

"आठ. पंधरा. सांगता येत नाही गं."

मी म्हटलं बरं. काय म्हणणार? साइटवर मुदत चुकली की कोणाला तरी पत्र लिहायचं असतं. इथे कोणाला लिहू?

गिटार दोन दिवस घेतली नाही. तिसऱ्या दिवशी आप्पांनीच पिशवीतून काढून सोफ्यावर ठेवली होती. दुरुस्तीवाला खरं बोलला होता: मोजलं तर बाराव्या पडद्याशी 2.6.

2 नोव्हेंबर, पाडवा

संध्याकाळी सात. त्यांच्याकडे साडेनऊ, सिंगापूरबाहेर नांगर टाकून उभे आहेत. हल्ली जहाजावर बरं इंटरनेट असतं, व्हिडिओ लागला.

आधी औक्षण. फोन पाटावर, पाटाभोवती रांगोळी, मी ताम्हन ओवाळतेय, लेक ओरडतेय की निरांजन लांब धर, स्क्रीनगार्ड वितळेल. त्याने केबिनमधून ओवाळणी म्हणून एक स्पॅनर दाखवला. आप्पा म्हणाले, "आता ते वाजव."

फोन लेकीच्या हातात दिला, कॅमेरा भिंतीकडे. गिटार घेतली. त्याला काही सांगितलं नव्हतं.

वाजवलं. पहिली ओळ स्वच्छ गेली. गच्चीपेक्षा कितीतरी बरी. दुसरीच्या शेवटी चढणारे स्वर एकेक करून नीट वर गेले, मला स्वतःला ऐकू आले. मी मान वर केली.

तिकडून प्रश्न. "आप्पांनी तबला काढला का? कोण दादरा वाजवतंय?"

लेकीने स्क्रीन तोंडाजवळ धरून विचारलं, "बाबा, गिटार ऐकू येत नाहीये?"

"कसली गिटार? नुसतं धप्प... धप्प येतंय."

नंतर लेकीने समजावलं. असल्या कॉलमध्ये माणसाचा आवाज पुढे जावा म्हणून बाकी सगळं कापतात. पंख्याची घरघर, रस्त्याचा आवाज. लांबत जाणारा तारेचा स्वर त्यांना घरघरच वाटतो. माझ्या अंगठ्याचा ठोका तेवढा सुटून गेला. एकशे एकोणचाळीस दिवसांतला फक्त अंगठा सिंगापूरला पोचला.

पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी थांबले नाही, कारण मधला भाग आला होता आणि बी सेव्हनला थांबलं की परत पकडता येत नाही. आप्पा खुर्चीच्या हातावर ठेका देत होते, तोही बहुतेक पोचत असावा. ई मायनर. बी सेव्हन. ई मायनर.

आणि फोनमधून शीळ आली.

तीच. दाढीची. पण तो मधल्या भागात नव्हता, त्याने पहिल्यापासून सुरू केलं होतं. त्याला माझी चाल ऐकूच येत नव्हती, फक्त सहा मात्रा येत होत्या आणि सहा मात्रांवर त्याला दुसरं काही येत नाही. शिवाय आवाज पोचून परत यायला लागणारा वेळ, त्यामुळे तो दर आवर्तनाला अर्धी मात्रा मागे. लेक फोन धरून हसत होती, हात हलत होता.

"समेवर ये रे!" आप्पा फोनवर खेकसले. "लहानपणापासून हा असाच. सम चुकतो."

मी बी सेव्हनमधून बाहेर आले आणि पहिल्या ओळीवर परत गेले, त्याच्या सोबत. चाल सोडून दिली. नुसता अंगठा आणि हलकी मधली बोटं, तेवढंच. वरचं तो वाजवत होता. दोन वेळा अख्खं झालं.

थांबल्यावर विचारलं, "जहाजावर शीळ?"

"नांगर टाकलाय. येऊ दे वारा."

3 नोव्हेंबर

रेकॉर्डिंग लेकीने केलं होतं, आत्ता ऐकलं. त्याची शीळ माझ्या गिटारशी कुठेच जुळत नाही. उशिरामुळे नाही, स्वरच वेगळा आहे. पेटीवर तपासलं. तो डी मध्ये नाही, सी च्या आसपास आहे. जुन्या रेकॉर्डिंगमधली दाढीची शीळही काढून बघितली, तीही तिथेच.

कॅपो काढून पिशवीच्या खिशात टाकला. रेव्हिजन डी. चौदा तारखेपर्यंत उतरेन म्हणतोय.